इस्त्री केलेले टॉवेल

१

पडदा काळा झाला तेव्हा स्टेजवर एक मुलगी उभी होती.

कर्णबधिर मुलांच्या शाळेतली प्रश्नमंजूषा होती. पाहुण्यांनी माइकवर प्रश्न विचारायचा, टेबलाखालच्या कॉम्प्युटरने तो ऐकायचा आणि मागच्या मोठ्या पडद्यावर शब्द उमटायचे, अशी सोय यंदा पहिल्यांदाच केली होती. खुणांनी समजावून सांगणाऱ्या बाईंना मुद्दाम खाली प्रेक्षकांत बसवलं होतं. अर्धा कार्यक्रम झकास झाला. मग दोन वेण्यांच्या त्या मुलीची पाळी आली. पाहुण्यांनी विचारलं, "कोणता ग्रह आडवा पडून सूर्याभोवती फिरतो?" पडद्यावर 'कोणता' एवढा एकच शब्द आला आणि सगळं विझलं.

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. पाहुण्यांच्या पाठीशी पडदा, त्यांना काही कळेना. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, या खेपेला मोठ्याने. मुलगी त्यांच्या ओठांकडे बघू लागली. तेवढ्यात वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. तो मात्र तिला दिसला. मान खाली घालून ती जागेवर जाऊन बसली आणि नंतर पडदा पुन्हा उजळला तरी तिने वर पाहिलं नाही.

तिसऱ्या रांगेत बसलेले प्रेशरकाका अर्धवट उठून उभे राहिले.

प्रेशरकाका हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी दिलेलं. नोकरी बॉयलर इन्स्पेक्टरची. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाब भरायचा आणि ते कुठे गळतात का बघायचं, यात उभी हयात गेली. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा घरातल्या मागच्या खोलीत ते लोकांचे कॉम्प्युटर तपासायला लागले. आधी बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारा प्रोग्राम, लावून मशीनचा स्कोअर बघायचा, तसल्याच दुसऱ्या मशीनशी तो ताडायचा, आणि मग दिवसभराची स्ट्रेस टेस्ट. म्हणजे प्रोसेसरला क्षणाची उसंत न देता गणितं करायला लावायची, तो तापेल तेवढा तापू द्यायचा. त्यातून जे तरलं ते पास. काकांनी पास म्हटलेल्या मशीनवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत.

शाळेचं मशीन त्यांच्या जावयाने जोडलं होतं आणि काकांनी पास केलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापिका जवळ आल्या. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही.

"तुम्ही स्वतः तपासलं होतं ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

काकांनी 'हो' म्हटलं, आणि म्हणतानाच त्यांना जाणवलं की हे उत्तर पूर्ण खरं नाही.

२

ते का खरं नाही, हे काका रिक्षात मशीन मांडीवर घेऊन घरी येताना आठवत होते.

टेस्ट चालू असताना काका मशीनपाशी बसून राहत. दाबाखालच्या बॉयलरला सोडून चहाला जाणाऱ्या माणसावर त्यांनी आयुष्यभर डोळे वटारले होते. पण शाळेचं मशीन तपासायचं त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मिळाली. सकाळी टेस्ट लावली, मुलाने रजा काढली होती, त्याच्याबरोबर ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले. संध्याकाळी काळा चष्मा लावून परतले तेव्हा सगळं जग धुक्यात होतं. मागच्या खोलीच्या दारातूनच त्यांनी मुलाला विचारलं, "काय म्हणतंय रे?"

"हिरव्या अक्षरात पास, बाबा. पूर्ण वेळ चाललंय."

तापमानाचा आलेख त्यांनी पाहिला नाही, डोळ्यांना दिसलाच नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई येऊन मशीन शाळेत घेऊन गेला.

आता मशीन परत त्यांच्या टेबलावर होतं. सकाळी त्यांनी तीच टेस्ट पुन्हा लावली आणि खुर्ची ओढून समोर बसले. पंखे घुंई करून उठले. त्या आवाजाला घरात सगळे 'भुंगा' म्हणत. हळूहळू खोली गरम होऊ लागली, काकांनी शर्टाची वरची बटणं सोडली. आणि जेवायला हाक यायच्या जरा आधी, कुणी गळा दाबावा तसा भुंगा गप्प झाला. मशीन बंद.

त्यांनी झाकण काढून वास घेतला. प्रोसेसर ठीक होता, मेमरी ठीक होती. मशीनला वीज पुरवणारी पेटी, पॉवर सप्लाय, हात लावू नये इतकी तापली होती. तापली की ती स्वतःला बंद करून घ्यायची, थंड झाली की पुन्हा चालू. दुपारनंतर त्यांनी परत लावून पाहिलं. पुन्हा तेवढ्याच वेळात बंद.

म्हणजे हे मशीन दिवसभर चालणं शक्यच नव्हतं. पण मुलाने 'पास' वाचलं होतं, आणि मुलाचे डोळे शाबूत होते.

काकांनी खुर्ची पुन्हा मशीनपाशी ओढली. मग एक शंका आली म्हणून त्यांनी टेस्ट नव्याने लावली आणि कॉम्प्युटरमधलं घड्याळ उचलून दुसऱ्या दिवसावर नेऊन ठेवलं. त्या प्रोग्रामचा वेळ घड्याळावरच चालायचा. त्याला वाटलं, दिवस संपला. भुंगा थांबला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं आली.

पास.

काकांनी कपाळाचा घाम पुसला. हे कुठल्या पेटीचं काम नव्हतं. हे माणसाने केलं होतं, आणि त्या माणसाकडे घराची किल्ली होती.

३

किल्ल्या चार ठिकाणी. स्वतः काका, काकू, मुलगा-सून यांची एक, आणि लेक-जावयाकडे एक. मुलगा दिवसभर काकांबरोबर होता. लेक नर्स, त्या दिवशी ती ड्यूटीवर. उरल्या काकू, सून आणि जावई.

काकांना हे असं मोजणं आवडेना. कारखान्यात चौकशी करणं वेगळं. तिथे संध्याकाळी डबा घेऊन घरी येता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला ते न्हाणीघरात गेले. कपाटातला टॉवेल ओढला, तोंड पुसलं आणि थबकले. टॉवेलला इस्त्रीची घडी होती. धारदार, शर्टाच्या बाहीला असते तशी. त्यांनी कपाट सताड उघडलं. एकूणएक टॉवेल इस्त्रीचे. खाली पायपुसणं होतं, त्यालासुद्धा इस्त्री.

काकूंना इस्त्रीचा मनस्वी कंटाळा. काकांच्या रुमालांची इस्त्री त्यांनी कधीच बंद केली होती, 'खिशात चुरगळणारच आहेत' म्हणून. त्यांनी पायपुसण्याला इस्त्री करावी?

"अगं, आपल्याकडे टॉवेलला इस्त्री कधीपासून?"

काकू भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही, मानही वर झाली नाही. "वाटलं, केली. एखाद्या दिवशी माणसाला वाटतं."

"पायपुसण्याला पण वाटलं?"

"अहो, तुम्हाला काय करायचंय? तुमच्या मशीनचं बघा."

"मशीनचंच बघतोय," काका म्हणाले आणि समोर बसले. "मी टेस्ट लावतो त्या दिवशी तू मुद्दाम कपडे धुतेस आणि मागच्या खोलीत दोरी बांधतेस. भुंग्याच्या उबेने दुपारपर्यंत कडकडीत वाळतात. त्या दिवशीही तू टॉवेल तिथेच घातलेस, मी जातानाच पाहिले. मग वाचनालयात गेलीस फाटकी पुस्तकं चिकटवायला. परत आलीस तेव्हा टॉवेल ओले होते. खोली गार होती. आणि मी यायच्या आत तू ते इस्त्रीने वाळवलेस. हो की नाही?"

काकूंनी सुरी खाली ठेवली.

"ओले म्हणजे अगदी पिळले तसे नाही," त्या म्हणाल्या. "पण दमट."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कारण तुम्ही असे समोर बसून विचारता म्हणून!" काकू एकदम बोलल्या. मग आवाज खाली आला. "मला त्या मशीनमधलं ओ की ठो कळत नाही. पण कपडे कळतात. खोली गार म्हणजे ते बंद होतं. आणि कुणी बंद केलं असेल ते... ते मी सांगणार नाही. तुम्ही विचारूही नका."

४

विचारायची गरज पडली नाही. दारात सून उभी होती.

सून पुस्तकं वाचून त्यांचं रेकॉर्डिंग करायची. आतल्या खोलीतलं मोठं कपाट रिकामं करून तिने आतून रजया लावल्या होत्या. त्यात बसून, कानांवर हेडफोन चढवून ती वाचायची. कपाटाची भिंत मागच्या खोलीला लागून, त्यामुळे टेस्टच्या दिवशी ती वाचत नसे. भुंगा रजयांतूनही आत शिरायचा.

"आईंना काही बोलू नका, बाबा. मीच बंद केलं." ती एका दमात बोलली. "त्या दिवशी सकाळी तुम्ही गेल्यावर प्रकाशकांचा फोन आला. शेवटचं प्रकरण आजच्या आज पाहिजे म्हणाले. मी वाचायला बसले. आवाज येत होता, म्हणून बंद केलं."

"तू वाचायला बसणार हे कुणाला माहीत होतं?"

"फक्त आईंना."

"बरं. तू बंद केलंस. मग पडद्यावर पास कसं आलं?"

सुनेने ओठ चावला. "आलं असेल... आपोआप."

काका तिच्याकडे बघत राहिले. कारखान्यात त्यांनी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले होते, पण ते स्वतःला वाचवण्यासाठी बोलायचे. इतकं वाईट खोटं माणूस फक्त दुसऱ्यासाठी बोलतं.

"त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आहे?" त्यांनी विचारलं. "साफ केलेलं नको. कच्चं, होतं तसं."

तिने आपल्या लॅपटॉपवर ते लावून दिलं. काकांनी हेडफोन कानांवर दाबले. एका जुन्या दीपगृहाची हकिकत होती. सुनेचा आवाज स्वच्छ, आणि त्याखाली, लांबून आल्यासारखा, भुंगा. काका डोळे मिटून ऐकत राहिले. बराच वेळ गेला. दीपगृहाचा रखवालदार जिना चढू लागला, 'त्याने कंदील वर उचलला आणि' असं वाक्य चालू असतानाच भुंगा थांबला. सूनबाईचा आवाज थांबला नाही. 'वाऱ्याकडे पाठ केली,' असं म्हणत ती पुढे वाचतच राहिली.

काकांनी सुनेकडे पाहिलं, पण हेडफोन काढले नाहीत. पुढे सगळं शांत. प्रकरण संपत आलं, आणि पुन्हा एका वाक्याच्या मधोमध भुंगा सुरू झाला. अगदी थोडा वेळ. पाचसहा वाक्यं झाली असतील नसतील, परत गप्प.

"तू हे ऐकलं होतंस?"

"साफ करताना ऐकलं. मला वाटलं, आईंनी काहीतरी... सकाळी त्या म्हणाल्या होत्या, 'तू वाच गं, त्या भुंग्याचं मी बघते.' मला वाटलं त्यांनी माझ्यासाठी बंद केलं." ती थांबली. "आणि आता मशीन शाळेत बंद पडलं म्हटल्यावर..."

"म्हणजे ती तुला वाचवत होती आणि तू तिला." काकांनी हेडफोन टेबलावर ठेवले. "अगं, तू कपाटात बसून वाचत होतीस. वाचता वाचता मागच्या खोलीत जाऊन मशीन बंद करायला काय तुला चार हात आहेत?"

स्वयंपाकघरातून काकू धावत आल्या होत्या. "मी बघते म्हटलं खरं, पण मी काय बघणार? दाराखाली सतरंजी लावली, झालं! बंद करायचं असतं तर टॉवेल घातले असते का तिथे?"

"तेच तर," काका म्हणाले. ते आता स्वतःशीच बोलत होते. "काल मी टेस्ट लावली, तर साधारण इतक्याच वेळाने मशीन आपलं आपण बंद पडलं. त्या दिवशीही तसंच झालं. बंद कुणीच केलं नव्हतं. आपण सगळे चुकीचा प्रश्न घेऊन बसलोय."

"मग बरोबर प्रश्न कोणता?" सुनेने विचारलं.

"बंद पडलेलं परत चालू कुणी केलं?"

५

जावयाचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. नोकरी सुटल्यापासून तो घरीच कॉम्प्युटर जोडायचा. काकांनी बेल वाजवली तेव्हा तो टेबलावर वाकून एका पंख्याचे स्क्रू आवळत होता. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत मापाप्रमाणे स्क्रू भरून ठेवलेले, वायरींच्या नीट बांधलेल्या जुड्या. हात चांगला होता त्याचा, काकांना ते नेहमीच मान्य होतं. फक्त तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"या बाबा, बसा. पाणी आणतो. शाळेच्या मशीनचं काही कळलं का?"

"थोडं कळलं. पॉवर सप्लायची पेटी तापते."

जावयाने मान हलवली. "पेट्यांचा काही भरवसा नसतो."

"आणि आमच्याकडे टेस्ट पूर्ण झालीच नाही," काका पाणी पीत म्हणाले. "मध्येच मशीन बंद झालं होतं. सूनबाई म्हणते, मीच बंद केलं."

हे वाक्य त्यांनी मुद्दाम अर्धंच ठेवलं. तिचं म्हणणं खोटं ठरलं होतं, ते सांगितलं नाही. जावयाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"वहिनी?" जावई म्हणाला. "छे! असं कसं म्हणतात त्या? शाळेत काय झालं ते माहीत आहे ना त्यांना? त्यांचा काही संबंध नाही, बाबा. त्यांना काही बोलला नाहीत ना तुम्ही?"

"तिला शांतता हवी असते. भुंग्याचा त्रास होतोच तिला."

"असेल. पण त्या कशाला उठून बंद करतील? त्या तर कपाटाचं दार लावून आत वाचत होत्या!"

टेबलावरचा छोटा पंखा फिरत होता. जावयाने तो बंद केला.

काकांनी पेला खाली ठेवला. "येतो," म्हणाले आणि जिना उतरू लागले.

६

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते पायरीवरच बसले. गुडघे दुखत होते हे एक, आणि दुसरं असं की खाली जायचं की वर, ते ठरत नव्हतं.

टेस्टच्या दिवशी सून वाचत नाही, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक. त्या एकाच दिवशी ती वाचायला बसली, आणि ते एकट्या काकूंना माहीत होतं. मुलगा बाहेर, लेक ड्यूटीवर. दुपारी घरात येऊन, कपाटाच्या बंद दारापलीकडून सुनेचा आवाज ज्याने ऐकला, त्यालाच हे कळलं असणार.

पण काकांच्या मनात घोळत होतं ते वेगळंच. जावयाला नुसतं गप्प बसायचं होतं. सून आयती कबूल झाली होती. 'असेल बुवा, वहिनींनीच केलं असेल,' एवढं म्हणाला असता तर सुटला असता. तेवढं त्याच्याच्याने म्हणवलं नाही.

काका कठड्याला धरून उठले आणि वर गेले. दार उघडंच होतं. जावई उंबऱ्यात उभा.

"मला वाटलंच तुम्ही परत याल," तो म्हणाला.

"कधी आला होतात तुम्ही आमच्याकडे?"

"दुपारी. जीव थाऱ्यावर नव्हता. निकालाच्या दिवशी मुलं शाळेच्या फाटकाशी घुटमळतात ना, तसं झालं होतं. किल्लीने दार उघडलं, तर आतून वहिनींचा वाचण्याचा आवाज. म्हटलं, त्यांना कशाला उठवा. मागच्या खोलीत गेलो तर मशीन बंद पडलेलं. पुन्हा चालू केलं, टेस्ट लावली आणि घड्याळ पुढे सरकवलं." त्याने भिंतीला पाठ टेकली. "मी मागवलेली पेटी आलीच नव्हती. हाताशी जुनी होती, ती बसवली. वाटलं, चालून जाईल. नवी आली की शाळेत जाऊन गुपचूप बदलू. शाळेत एवढा ताण कोण देणार?"

"पाहुणे बोलतात तेवढा वेळ त्या मशीनला उसंत नसते. तुमच्या डोक्यात नाही आलं?"

"नाही आलं. शपथेवर सांगतो, नाही आलं. ती मुलगी तशी उभी राहील असं..." त्याला पुढे बोलता आलं नाही.

"मला फोन करायचा. टेस्ट फेल म्हणायचं. आठवडाभर उशीर झाला असता, दुसरं काय?"

जावई पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलला. "तुम्हाला फोन करायचा? बाबा, माझं पहिलं मशीन तुम्ही पंखा कुरकुरतो म्हणून नापास केलंत. दुसरं बेंचमार्कचा स्कोअर जरासा कमी आला म्हणून. दोन्ही वेळा तुमचं बरोबर होतं, मी नाही म्हणत नाही. पण दोन्ही वेळा तुम्ही ते तुमच्या लेकीसमोर सांगितलंत. तिसऱ्यांदा तेच ऐकायची माझी छाती झाली नाही."

काकांनी चौकटीला हात टेकला. बायकोने टॉवेल इस्त्रीने वाळवले, सुनेने न केलेला गुन्हा पदरात घेतला, आणि जावयाने घड्याळ पुढे केलं. तिघांचं कारण एकच होतं. ते कारण या क्षणी जावयाच्या दारात उभं होतं आणि त्याचे गुडघे दुखत होते.

"चपला घाला," ते अखेर म्हणाले. "शाळा सुटायच्या आत पोचायचंय."

७

वाटेत काकांनी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. पास मी म्हटलं, आलेख मी पाहिला नाही, जबाबदारी माझी. शिवाय हा माणूस नुकता कुठे उभा राहतोय, शाळेत नाव खराब झालं तर दुसरं काम कोण देणार? पण मुख्याध्यापिकांच्या खोलीत ते तोंड उघडणार तेवढ्यात जावई म्हणाला, "बाई, मशीनमध्ये जुनी पेटी मी घातली. टेस्ट पास झाल्याचं खोटं मीच दाखवलं. बाबांना आजपर्यंत माहीत नव्हतं."

मुख्याध्यापिकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. रागावल्या होत्या, ते दिसत होतं.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मी फार तर दुसरीकडून मशीन घेईन. तिला सांगा. त्या दिवसापासून ती वर्गात हात वर करत नाही. तिला वाटतंय, सगळ्यांना प्रश्न कळला आणि तिलाच कळला नाही."

मुलीला बोलावलं. खुणांच्या बाई शेजारी बसल्या. जावई बोलत गेला, बाईंचे हात चालत गेले. पेटी काय असते, ती का तापली, पडदा का काळा झाला. तिची काही चूक नव्हती, हे त्याने इतक्यांदा सांगितलं की शेवटी बाईंनी हाताने त्याला पुरे म्हटलं. मुलगी गंभीरपणे बघत होती. सगळं संपल्यावर तिने भराभर बोटं हलवली.

"काय म्हणते?" जावयाने घाबरत विचारलं.

"म्हणते, ते सगळं असू दे. प्रश्न काय होता?"

जावई कार्यक्रमाला गेलाच नव्हता. मुख्याध्यापिकांना आठवेना. काकांना शब्दन्‌शब्द आठवत होता. "कोणता ग्रह आडवा पडून सूर्याभोवती फिरतो?"

बाईंचे हात थांबायच्या आत मुलीचं उत्तर आलं होतं.

"युरेनस," बाई म्हणाल्या आणि हसू दाबत पुढे म्हणाल्या, "आणि विचारते, एवढंच होतं?"

मुख्याध्यापिकांनी मशीन परत घ्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. नवी पेटी घातल्यावर टेस्ट होईल तेव्हा त्या स्वतः येऊन बसणार. काका म्हणाले, जरूर या. त्या रात्रीच्या जेवणाआधी जावयाने आपल्या बायकोला सगळं सांगितलं. ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बापाशी भांडायला माहेरी आली, आणि काकांनी ते भांडण उभ्याउभ्या पूर्ण ऐकून घेतलं.

नवी पेटी आली तेव्हा सगळे घरात होते. काका मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले, घसा खाकरला आणि विचारलं, "उद्या टेस्ट लावायची म्हणतो. कुणाला काही अडचण आहे का?"

सून काकूंकडे बघायला लागली, काकू जावयाकडे.

"नाही म्हणजे, खरंच विचारतोय," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

"खरंच ना?" काकू म्हणाल्या. "मग ऐका."

आणि त्या बोलायला लागल्या. त्या दम घ्यायला थांबल्या तिथे सुनेने सुरुवात केली, आणि तिच्यामागून, जरा चाचरत, जावयाने.